शाळेत नोकरी करायचीय? आधी वर्ग ठरवा, मग फॉर्म भरा

बारावीचा निकाल लागला की आमच्या गल्लीतलं कुणी ना कुणी माझ्या दारात येतं. या खेपेला शेजारच्या काकूंची धाकटी आली. "ताई, डी.एड. करू की बी.एड.?" मी उलट विचारलं, "तुला कितवीच्या वर्गापुढे उभं राहायचंय?" पोरगी गोंधळली. तिच्या डोळ्यांसमोर साडी नेसलेली बाई होती, हातात खडू होता, पण समोर बसलेली पोरं केवढी आहेत हे तिनं पाहिलंच नव्हतं.

मीही पाहिलं नव्हतं. बी.एस्सी. झाल्यावर मैत्रिणींनी बी.एड.चा फॉर्म भरला म्हणून मीही भरला. पुढे खासगी शाळेत वर्षं काढली, परीक्षा दिल्या आणि २०१९ मध्ये गणपती बसायच्या सुमारास जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षण सेवक म्हणून रुजू झाले. मधल्या काळात जी ठेच लागली ती बहुतेक वेळा माहिती नसल्यामुळे. म्हणून तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते. हे सगळं महाराष्ट्रातल्या मराठी शाळांच्या अंगानं आहे.

पहिली पायरी: वर्ग

पहिली ते पाचवी शिकवायचं असेल तर बारावीनंतर दोन वर्षांचं डी.एल.एड. करायचं. जुनं नाव डी.एड., आणि लोक अजून तेच म्हणतात. सहावी ते आठवीसाठी पदवी आणि बी.एड. किंवा पदवी आणि डी.एल.एड. चालतं. नववी-दहावीला पदवी आणि बी.एड., अकरावी-बारावीला त्या विषयातली पदव्युत्तर पदवी आणि बी.एड.

यातली पहिली ओळ नीट वाचा. पूर्वी बी.एड.वाल्यांना पाचवीपर्यंतच्या वर्गांवरही जाता येईल अशी सोय केली होती. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती वाट बंद केली. म्हणजे बी.एड. ही डी.एड.ची 'मोठी बहीण' आहे, ती केली की खालचे वर्ग आपोआप मिळतात, ही समजूत आता पूर्ण चुकीची आहे. लहान मुलांत रमणारी कितीतरी मुलं अजूनही घरच्यांच्या आग्रहाखातर आधी पदवी, मग बी.एड. करतात आणि शेवटी त्यांना कळतं की पहिलीचा वर्ग आपल्याला मिळणारच नाही.

पदवीचा विषयही आताच बघा. बी.एड.ला प्रवेश मिळणं आणि त्या विषयाची जागा असणं यात फार अंतर आहे. राज्य मंडळाच्या शाळेत दहावीपर्यंत वाणिज्य विषय नाही. बी.कॉम., बी.एड. झालेल्या माणसाला शाळेत उभं राहायला जागाच सापडत नाही. त्यानं एम.कॉम. करून कनिष्ठ महाविद्यालयाकडे वळावं हे बरं. कलाशिक्षकासाठी ए.टी.डी. (कलाशिक्षक पदविका), क्रीडाशिक्षकासाठी बी.पी.एड. हे वेगळे रस्ते आहेत, पण तिथल्या जागा मोजक्याच.

दुसरी पायरी: कॉलेज

डी.एल.एड.चा प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो. खुल्या प्रवर्गाला साधारण ५० टक्के लागतात, राखीवला थोडी सूट आहे. बी.एड.ला राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. जिल्ह्याच्या ठिकाणची सरकारी अध्यापक विद्यालयं किंवा अनुदानित कॉलेजं मिळाली तर डोळे झाकून घ्या, कारण फी परवडते आणि सरावासाठी खऱ्या शाळा मिळतात.

खासगी कॉलेजात पैसे भरण्याआधी दोन गोष्टी तपासा: राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेची, म्हणजे एनसीटीईची मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता. "हजेरीची कटकट नाही, परीक्षेलाच या" असं सांगणारा एजंट प्रत्येक तालुक्यात भेटतो. परराज्यातल्या अशा पदव्या कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर गळतात, आणि तोवर दोन वर्षं व पैसे दोन्ही गेलेले असतात. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं बी.एड. हा मात्र वेगळा मामला. ते आधीच प्रशिक्षित असलेल्या, शाळेत शिकवत असलेल्या शिक्षकांसाठी आहे. नवख्यानं त्याच्या नादी लागू नये.

छात्रसेवाकाळ, म्हणजे इंटर्नशिप, फक्त पाठांची फाइल भरण्यात घालवू नका. माझ्या बॅचमधल्या निम्म्या मुलींनी एकमेकींच्या फायली बघून टाचणं, म्हणजे पाठांची आखणी, उतरवली. नंतर खऱ्या वर्गात ४५ पोरं समोर आली तेव्हा त्या फायलीतलं एक पानही आठवलं नाही.

तिसरी पायरी: टीईटी आणि टेट

या दोन नावांत नवीन माणूस हमखास घसरतो. टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. पहिली म्हणजे फाटकावरचा पास, दुसरी म्हणजे आतली शर्यत.

टीईटी पहिली ते आठवीसाठी लागते. ती पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते, आणि आपल्याकडे ती पहिल्यांदा डिसेंबर २०१३ मध्ये झाली. पेपर पहिला पाचवीपर्यंतसाठी, दुसरा सहावी ते आठवीसाठी. प्रत्येकी १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास. पहिल्या पेपरात बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांना प्रत्येकी ३० गुण असतात. दुसऱ्यात दोन भाषा आणि मानसशास्त्र तसंच राहतं, उरलेले ६० गुण गणित-विज्ञानाचे किंवा सामाजिक शास्त्रांचे. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के, म्हणजे ९० गुण लागतात. राखीव प्रवर्गाला ५५ टक्के. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही गोल रिकामा सोडू नका. प्रमाणपत्र पूर्वी सात वर्षांनी बाद व्हायचं, २०२१ पासून ते आजन्म ग्राह्य आहे. केंद्राची सीटीईटीही देऊन ठेवावी, तिथे भाषा म्हणून मराठी निवडता येते.

टीईटी आपल्याला सोपी का जात नाही? मला वाटतं, आपण गणित आणि परिसर अभ्यास घोकत बसतो, पण मानसशास्त्राचे ३० प्रश्न 'वाचून येईल' म्हणून सोडतो. ते प्रश्न व्याख्या विचारत नाहीत, प्रसंग विचारतात. 'मूल वजाबाकीत वरचा अंक कुठला, खालचा कुठला हे न बघता वारंवार मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतं, तर शिक्षकानं आधी काय करावं?' इथे पाठांतर उपयोगी पडत नाही, वर्ग पाहिलेला असावा लागतो. चौथी-पाचवीच्या बालभारतीच्या पुस्तकांत 'शिक्षकांसाठी' म्हणून ज्या सूचना छापलेल्या असतात, त्या वाचा. कुठल्याही गाइडपेक्षा त्या कामाच्या आहेत.

आणि 'नोकरी लागल्यावर बघू' हा विचार सोडा. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सेवेत असलेल्या शिक्षकांनाही, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरला असेल तर, दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायला सांगितलं. आमच्या शाळेत पन्नाशीतले गुरुजी मधल्या सुट्टीत डबा एका हाताला आणि प्रश्नसंच दुसऱ्या हाताला घेऊन बसू लागले.

आता टेट. ही संगणकावरची परीक्षा असते. २०० प्रश्न, दोन तास. भागून बघा, एका प्रश्नाला ३६ सेकंद. १२० गुण अभियोग्यतेचे, ८० बुद्धिमत्तेचे. इथे पास-नापास नाही. नेमणुकीची यादी टेटच्या गुणांवर लागते, टीईटीत तुम्हाला ९१ होते की १२१ हे कुणी विचारत नाही. म्हणून टीईटी एकदा निघाली की तिथेच घुटमळू नका, सगळा जोर टेटवर लावा. माझी चूक अशी झाली की मी बुद्धिमत्तेचे प्रश्न सोडवायला शिकले, पण घड्याळ लावून सोडवले नाहीत. शेवटचे २० प्रश्न मी अक्षरशः डोळे मिटून टिचक्या मारत भरले.

ही परीक्षा दरवर्षी होईल असं धरून चालू नका. पहिली डिसेंबर २०१७ मध्ये झाली, दुसरी २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, तिसरी २०२५ च्या मे-जूनमध्ये. पहिल्या दोहोंमध्ये पाच वर्षांहून जास्त अंतर! वयोमर्यादेचा हिशेब याच्याशी जोडून बघा.

चौथी पायरी: पवित्र पोर्टल

२०१७ पासून जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका आणि खासगी अनुदानित संस्थांची शिक्षकभरती पवित्र पोर्टलवरून होते. क्रम असा: नोंदणी, स्व-प्रमाणपत्र, जाहिराती, प्राधान्यक्रम, निवडयादी, कागदपत्र पडताळणी, मग शाळा मिळण्यासाठी समुपदेशन. ऐकायला सोपं वाटतं.

खरा घात स्व-प्रमाणपत्रात होतो. तिथे तुम्हीच तुमची जात, समांतर आरक्षण (महिला, माजी सैनिक वगैरे), गुण, माध्यम, विषय भरता आणि बरोबर असल्याचं सांगता. नॉन-क्रिमीलेअर दाखल्याची तारीख चुकली, पदवीचा विषय भलताच निवडला, तर यादीत नाव येऊनही पडताळणीला माणूस बाहेर. सायबर कॅफेतल्या पोराच्या भरवशावर हा फॉर्म सोडू नका. स्वतः बसा, शेजारी मूळ कागद ठेवा, आणि लॉक करण्याआधी एक रात्र जाऊ द्या.

बायकांसाठी आणखी एक. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, टीईटीच्या प्रमाणपत्रावर तिसरंच, असा घोळ असेल तर राजपत्रात नावबदल छापून घ्या. माझ्या पडताळणीच्या दिवशी रांगेतली पुढची मुलगी याच कारणानं कोपऱ्यात रडत बसली होती. तिला मुदत मिळाली आणि काम झालं, पण ते दोन आठवडे तिनं कसे काढले ते तीच जाणे.

प्राधान्यक्रम भरताना जिल्हा मनापासून निवडा. 'आधी कुठेही लागू दे, नंतर बदली करून घेऊ' असं सगळेच म्हणतात. आंतरजिल्हा बदलीची वाट बघत दहा-दहा वर्षं नवरा एका जिल्ह्यात आणि बायको दुसऱ्यात, असे संसार मी जवळून पाहिलेत.

खासगी संस्थांच्या जागांत दोन प्रकार आहेत. काही संस्था मुलाखतीशिवाय यादी घेतात, काहींना मुलाखत घ्यायची असते. मुलाखतीच्या जागेला एका पदामागे अनेक उमेदवार पाठवतात आणि निवड संस्थेच्या हातात राहते. माझा कल मुलाखतीशिवायच्या जागांकडे आहे. कारण पुढे येईलच.

जागा निघतात कशा, हेही थोडं समजून घ्या, म्हणजे अफवांवर जीव टांगणीला लागत नाही. ३० सप्टेंबरच्या पटावर शाळेची संच मान्यता होते, म्हणजे किती शिक्षक लागतील ते ठरतं. प्राथमिकला ढोबळमानानं ३० मुलांमागे एक शिक्षक, सहावी ते आठवीला ३५ मागे एक. पट घटला की शिक्षक अतिरिक्त ठरतो, त्याचं आधी समायोजन होतं, म्हणजे त्याला दुसऱ्या शाळेत सामावून घेतात, उरलेल्या जागा बिंदूनामावलीतून, म्हणजे कुठली जागा कुठल्या प्रवर्गाची हे ठरवणाऱ्या तक्त्यातून, आरक्षणात बसवल्या जातात आणि मगच जाहिरात येते. 'गुरुजी निवृत्त झाले म्हणजे जागा रिकामी' हे गणित त्यामुळे बहुतेकदा चुकतं.

भरती नसताना काय करायचं

खोलीत बसून पाच वर्षं अभ्यास करणारी मुलं मी पुण्यात पेठांमधल्या अभ्यासिकांत पाहिली. त्यातल्या काहींना नोकरी लागली तेव्हा त्यांना वर्गाचीच भीती वाटत होती. माझं मत स्पष्ट आहे: दरम्यान कुठल्यातरी शाळेत शिकवा. पगार कमी असेल, पण हात बसतो.

खासगी शाळा नव्या वर्षाच्या जागा साधारण जानेवारीपासून भरायला लागतात. तिथे सगळं अवलंबून असतं डेमोवर. माझा पहिला डेमो शहरातल्या एका इंग्रजी शाळेत होता. विषय, प्रकाशाचं परावर्तन. मी फळ्यावर सुबक आकृती काढली, नियम सांगितले, पंधरा मिनिटं बोलले. बोलताना बहुतेक वेळ मी फळ्याशीच बोलत होते. माझ्यानंतर एक बारीकशी मुलगी आली. तिला बेचाळीसातून सतरा वजा करायला शिकवायचं होतं. तिनं पर्समधून आइसक्रीमच्या काड्या काढल्या. दहा-दहाचे चार गठ्ठे, रबरबँड लावलेले, आणि दोन सुट्या. समोर परीक्षक म्हणून बसलेल्या मुख्याध्यापकांना तिनं सरळ विचारलं, "तुमच्याकडे दोनच सुट्या आहेत, मला सात द्यायच्यात. काय कराल?" त्यांनी एक गठ्ठा उचलला आणि रबरबँड काढला. काड्या टेबलावर पसरल्या. "दशक सुटला," ती म्हणाली. तिनं फळ्यावर एक अक्षर लिहिलं नव्हतं. नोकरी अर्थातच तिला मिळाली.

तेव्हा डेमोला जाताना एकच छोटा घटक घ्या, हाताळता येईल अशी वस्तू न्या, पहिल्या दोन मिनिटांत समोरच्याला प्रश्न विचारा. फळ्यावर लिहिताना वर्गाकडे पूर्ण पाठ करू नका, तिरकं उभं राहा. आणि हो, खडूनं लिहायचा सराव करा. व्हाइटबोर्डची सवय असलेल्यांच्या ओळी काळ्या फळ्यावर डोंगर चढतात.

नोकरी देऊ केली की विचारायच्या गोष्टी: लेखी नेमणूक पत्र देणार का, मे महिन्याचा पगार मिळतो का, भविष्य निर्वाह निधी कापतात का, आठवड्याला तास किती. शाळा अनुदानित आहे, अंशतः अनुदानित आहे, विनाअनुदानित आहे की स्वयंअर्थसहाय्यित, हेही विचारा. २० टक्के, ४० टक्के अनुदानाच्या शाळांत 'पुढचा टप्पा लवकरच' या एका वाक्यावर माणसांची अर्धी नोकरी सरते.

मूळ प्रमाणपत्रं कुणाच्याही कपाटात ठेवायला देऊ नका. मी दिली होती. सोडताना ती परत मिळवायला तीन महिने हेलपाटे घातले आणि शेवटच्या महिन्याचा पगार सोडून दिला. त्याच ठिकाणी रजिस्टरवर सही एका आकड्यावर व्हायची आणि हातात दुसराच आकडा पडायचा. मान्यताप्राप्त खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा सेवाशर्ती कायदा आहे, १९८१ ची नियमावली आहे. सेवेतून काढलं तर शाळा न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येतं. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. पण अपील करायला हातात नेमणुकीचा कागद लागतो, म्हणून तो आधी मागा.

पैसे मागितले तर

उठून या. नीती बाजूला ठेवा, नुसता व्यवहार बघा. नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता आणि त्यानंतरचा शालार्थ आयडी (सरकारी पगार प्रणालीतला क्रमांक) यांशिवाय अनुदानित शाळेत सरकारी पगार निघत नाही. जमीन विकून 'लागलेली' माणसं मान्यतेची फाइल घेऊन वर्षानुवर्षं फिरताना दिसतात. परीक्षेतही तेच. २०१९-२० च्या टीईटीत पैसे देऊन गुण वाढवून घेतल्याचं उघड झालं तेव्हा साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. शिपायाच्या जागेसाठी कुणी मागत असेल तर आणखीच सावध व्हा. खासगी अनुदानित शाळांत चतुर्थश्रेणीच्या कायम पदांऐवजी शिपाई भत्ता देण्याचं धोरण शासनानं डिसेंबर २०२० मध्येच आणलं.

फळ्यापलीकडच्या जागा

सगळ्यांना शिकवायचंच असतं असं नाही. लिपिक, ग्रंथपाल, प्रयोगशाळा सहायक, समुपदेशक ही कामंही शाळेचीच. यातला मला सर्वांत आशेचा वाटणारा रस्ता विशेष शिक्षकाचा. विशेष शिक्षणातलं डी.एड. किंवा बी.एड. करायचं आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करायची. दिव्यांग मुलं साध्या शाळेत येऊ लागलीत, त्यांना शिकवता येणारी माणसं कमी आहेत. बालवाडीत रमणाऱ्यांनी अंगणवाडी सेविकेच्या स्थानिक भरतीकडे लक्ष ठेवावं, मात्र तिथे त्याच गावची रहिवासी असावी लागते.

रुजू झाल्यावर

पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधनावर. जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये आहे. आधी प्राथमिकला ६,००० होते आणि माझी तिन्ही वर्षं त्यातच गेली, त्यामुळे नव्या मुलांनी कुरकुर केली की मला जरा हसू येतं. तीन वर्षांनी नियमित वेतनश्रेणी मिळते.

पहिलं मानधन वेळेवर येईल असं धरू नका. शालार्थमध्ये नाव चढेपर्यंत दोन-तीन महिने सहज जातात. भाडं, जेवण, गाडीचं पेट्रोल यांची सोय घरून करून निघा. माझी पहिली शाळा एसटी थांब्यापासून चार किलोमीटर आत होती, आणि तिथली ती चार किलोमीटर कुठल्याही जाहिरातीत लिहिलेली नव्हती.

पहिल्या आठवड्यात टाचण, हजेरी, पोषण आहाराची नोंद, परिपाठ यांनी जीव मेटाकुटीला येतो. जुन्या सहकाऱ्याला धरा. ज्या बाईंनी मला जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या प्रवेशाची कायम नोंदवही, कसं भरायचं ते शिकवलं त्यांच्याकडे ना बी.एड. होतं ना संगणक, पण खाडाखोड न करता दाखला कसा लिहायचा ते त्यांच्याकडूनच शिकावं. नोंदी निळ्या किंवा काळ्या शाईत, जन्मतारीख अक्षरी, आणि घाईत कधीच नाही. मुलाची ती एक ओळ त्याला पासपोर्टपर्यंत पुरते.

आणि पोरांची भाषा ऐका. माझ्या वर्गातला एकजण म्हणाला, "बाई, पेन लिवत नाय." मी सवयीनं "लिहीत नाही" असं दुरुस्त केलं. त्यानं पुढचे पंधरा दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. अहिराणी, कोरकू, पावरी, गोंडी बोलणाऱ्या घरातून आलेलं मूल तर शाळेत पाय ठेवतं तेव्हा निम्मं परक्या मुलखात आलेलं असतं. त्या गावचे पन्नास शब्द पहिल्या महिन्यात वहीत लिहून काढा. मला तेव्हा 'लिवत नाय'ला नुसतं "दे, बघू" म्हणून पेन हातात घेता आलं असतं.

काकूंच्या धाकटीनं परवा डी.एल.एड.चा फॉर्म भरला. पहिलीच्या वर्गापुढे उभं राहायचंय म्हणाली. मी तिला रबरबँडचं पाकीट दिलं.